पिट्सबर्ग स्टीलर्सचा वाइड रिसीव्हर गट

पिट्सबर्ग स्टीलर्स हा अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहराचा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ असून तो नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या साखळीत खेळतो. वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेला पसरून उभा राहणारा आणि क्वार्टरबॅकने हाताने फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा आक्रमक फळीतील खेळाडू. प्रत्येक संघ असे पाच-सहा खेळाडू बाळगतो व त्यांचा मिळून एक गट मानला जातो. हा गट कसा उभारावा, त्यावर किती पैसा खर्च करावा आणि तयार झालेल्या खेळाडूला केव्हा जाऊ द्यावे, याबाबत स्टीलर्सने १९७४ पासून बहुतांशी एकच धोरण पाळले. महाविद्यालयांतून खेळाडू निवडायचे, त्यांना घडवायचे आणि किंमत हाताबाहेर गेली की सोडून द्यायचे, असे त्याचे स्वरूप थोडक्यात सांगता येते. २०२५ मध्ये मात्र संघाने या वाटेपासून ठळकपणे फारकत घेतली.

भारतात फुटबॉल या शब्दाने जो पायाने खेळावयाचा खेळ ओळखला जातो, त्याच्याशी या खेळाचे नावापलीकडे फारसे साम्य नाही. येथे चेंडू लंबगोल असतो, तो बहुतेक वेळ हातातच असतो आणि प्रत्येक डाव काही सेकंदांत संपतो.

स्थाने व कामाची विभागणी

आक्रमण करणाऱ्या ११ खेळाडूंपैकी किमान सात जणांना डाव सुरू होताना आरंभरेषेवर उभे राहावे लागते. या सातांपैकी केवळ दोन टोकांच्या खेळाडूंना, तसेच रेषेमागे उभ्या असलेल्यांना पास झेलण्याची मुभा असते. रिसीव्हरांच्या कामाची विभागणी या नियमातूनच झाली आहे. रेषेवर एकटा उभा राहणारा रिसीव्हर 'एक्स' म्हणून ओळखला जातो. बचावपटू त्याच्या अगदी समोर उभा राहून त्याला पहिल्याच पावलावर अडवू शकतो, त्यामुळे या जागी उंच, दणकट आणि हातघाईत न डगमगणारा खेळाडू लागतो. दुसऱ्या बाजूचा 'झेड' रेषेपासून थोडा मागे असतो. त्याला सुरुवातीस मोकळीक मिळते व डावापूर्वी आडवे सरकता येते. या दोघांच्या आतल्या अंगाला, मैदानाच्या मध्याजवळ उभा राहणारा तो 'स्लॉट'. त्याचे अंतर छोटे आणि जागा दाटीची असते. तेथे उंचीपेक्षा चपळपणा आणि बचावाची रचना क्षणात ओळखण्याची बुद्धी अधिक उपयोगी पडते.

म्हणून तीन उत्तम 'एक्स' एकत्र केल्याने उत्तम गट तयार होत नाही. क्रिकेटमध्ये तीन यष्टिरक्षक घेऊन संघ बांधण्यासारखेच ते होईल. धावण्याच्या ठरलेल्या वाटांनाही क्रमांक असतात. प्रचलित पद्धतीत सम क्रमांकाच्या वाटा मैदानाच्या आत वळतात, विषम क्रमांकाच्या बाहेर वळतात, आणि ९ क्रमांकाची वाट सरळ प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेकडे जाते. केवळ नववी वाट येणारा वेगवान धावपटू महाविद्यालयीन पातळीवर चमकतो. व्यावसायिक साखळीत त्याच्याकडून उरलेल्या वाटाही अपेक्षित असतात.

उन्हाळी शिबिरात संघाकडे ९० खेळाडू असतात. हंगामासाठी ही संख्या ५३ वर आणावी लागते. यातील पहिल्या तीन रिसीव्हरांची निवड झेल पाहून होते. चौथ्यापासून पुढच्यांना मात्र लाथेने उडवलेला चेंडू परत घेऊन धावणे किंवा तसे धावणाऱ्याला अडवणे ही कामे करून संघातील आपली जागा राखावी लागते. पुढे विक्रम करणाऱ्या अँटोनियो ब्राऊनने २०१० मध्ये टेनेसी टायटन्सविरुद्ध आपल्या पहिल्याच सामन्यात असा चेंडू ८९ यार्ड पळवून टचडाउन केले होते. त्यावेळी रिसीव्हरांच्या क्रमवारीत तो बराच खाली होता.

१९७४ ची निवड

एनएफएलमधील संघ दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमाने निवड करतात. या प्रक्रियेला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला प्रथम संधी मिळते. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सने पहिल्या फेरीत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा लिन स्वान (एकूण २१ वी निवड) आणि चौथ्या फेरीत अलाबामा ए अँड एम विद्यापीठाचा जॉन स्टॉलवर्थ (८२ वी निवड) हे दोन रिसीव्हर घेतले. त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत जॅक लॅम्बर्ट आणि पाचव्या फेरीत माइक वेबस्टर हेही संघात आले. हे चौघेही पुढे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेले. एकाच ड्राफ्टमध्ये एका संघाला असे यश अन्य कधी लाभलेले नाही.

स्टॉलवर्थच्या निवडीमागे बिल नन यांचे परिश्रम होते. नन पूर्वी 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा संपादक होते. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या खेळाडूंवर ते वर्षानुवर्षे लिहीत असत आणि तेथील प्रशिक्षक त्यांना घरचा माणूस मानत. इतर संघांचे प्रतिनिधी त्या महाविद्यालयांकडे पुरेसे लक्ष देत नव्हते, त्या काळात स्टीलर्सने नन यांना खेळाडू शोधण्याच्या कामावर घेतले. स्टॉलवर्थची धाव अनेक संघांच्या प्रतिनिधींनी ओल्या मैदानावर मोजली व ती त्यांना सामान्य वाटली. बरे नसल्याचे निमित्त करून नन मागे राहिले, दुसऱ्या दिवशी कोरड्या जागी त्यांनी पुन्हा वेळ मोजली आणि ती समाधानकारक निघाली, अशी हकिगत सांगितली जाते. मुख्य प्रशिक्षक चक नोल स्टॉलवर्थला पहिल्याच फेरीत घ्यावयास उत्सुक होते. त्याचे नाव इतरांना फारसे ठाऊक नसल्याने तो नंतरही मिळेल, हा निवडकर्त्यांचा होरा होता. स्टीलर्सकडे त्या वर्षी तिसऱ्या फेरीतील निवडच नव्हती, हे लक्षात घेता तो जुगारच होता. नन यांचा २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

स्वान आणि स्टॉलवर्थ यांचा काळ प्रामुख्याने चेंडू हातात घेऊन धावण्याचा होता. स्वानने आपल्या संपूर्ण कारकिर्दीत ३३६ झेल घेतले. आजच्या आघाडीच्या रिसीव्हरला तेवढे झेल घेण्यास तीन-चार हंगाम पुरतात. तथापि मोजके झेल मोक्याच्या वेळी घेणे हेच तेव्हा रिसीव्हरचे काम होते. जानेवारी १९७६ मधील दहाव्या सुपर बोलमध्ये स्वानने अवघ्या चार झेलांत १६१ यार्ड मिळवून सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला. १९८२ च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला. स्टॉलवर्थ १९८७ पर्यंत खेळत राहिला आणि त्याची वैयक्तिक आकडेवारीच्या दृष्टीने सर्वोत्तम वर्षे स्वान गेल्यानंतर आली. १९८४ मध्ये त्याने ८० झेल व १,३९५ यार्ड नोंदवले. त्याच हंगामात पहिल्या फेरीतून आलेला लुई लिप्स आक्रमणातील सर्वोत्तम नवोदित ठरला.

१९७८ चा नियमबदल

१९७८ पूर्वी बचावपटू रिसीव्हरला मैदानभर धक्के देत अडवू शकत असे. या तंत्रात सर्वांत निष्णात मानला जाणारा मेल ब्लाउंट हा स्टीलर्सचाच बचावपटू होता. आरंभरेषेपासून पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्का देण्यास मनाई करणारा नियम त्या वर्षी आला आणि तो आजही 'मेल ब्लाउंट नियम' या नावाने ओळखला जातो. ब्लाउंटला वेसण घालणाऱ्या या नियमाचा लाभ त्याच्याच संघातील स्वान व स्टॉलवर्थ यांना झाला. क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉने १९७८ मध्ये २८ टचडाउन पास फेकले आणि संघाने पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले. २००४ पासून या नियमाची अंमलबजावणी अधिक कडक झाली. रिसीव्हरचे मोल वाढत जाण्यामागे खेळाडूंच्या गुणांइतकाच या नियमांचा वाटा आहे.

हाइन्स वॉर्ड आणि अडवण्याचे काम

१९९८ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत (९२ वी निवड) जॉर्जिया विद्यापीठाचा हाइन्स वॉर्ड संघात आला. सोल येथे जन्मलेल्या वॉर्डने महाविद्यालयात क्वार्टरबॅक, धावपटू आणि रिसीव्हर अशा तिन्ही जागांवर खेळ केला होता आणि बहुधा त्यामुळेच त्याची नेमकी जागा कोणती, हे निवडकर्त्यांना ठरवता आले नसावे. त्याच्या डाव्या गुडघ्यात एक महत्त्वाचा अस्थिबंध नव्हता. वेगही मध्यम होता. असे असूनही त्याने १,००० झेल, १२,०८३ यार्ड आणि ८५ टचडाउन अशी संघातर्फे विक्रमी कारकीर्द केली.

वॉर्डचे वैशिष्ट्य केवळ झेलात नव्हते. सहकारी चेंडू घेऊन धावत असताना बचावपटूंना अंगावर घेऊन अडवणे, हे बहुतेक रिसीव्हर नाखुशीने करतात ते काम तो आवडीने करी. त्याच्या जोरकस धडकांची एवढी चर्चा झाली की, न दिसणाऱ्या दिशेकडून बचावपटूच्या डोक्यावर वा मानेवर धडक देण्यास मनाई करणारा २००९ चा नियम त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. रिसीव्हर गटाचे मूल्यमापन निव्वळ यार्डांवरून करणाऱ्यांनी वॉर्डचे सामने आवर्जून पाहावेत.

वॉर्डसोबतचे सहकारी मात्र बदलत राहिले. २००० मध्ये आठव्या क्रमांकावर निवडलेला उंच प्लॅक्सिको बरेस २००५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. इंडियाना विद्यापीठात क्वार्टरबॅक असलेल्या अँटवान रँडल एल याला २००२ मध्ये रिसीव्हर म्हणून घेण्यात आले. चाळिसाव्या सुपर बोलमध्ये त्याने जुना हात वापरून वॉर्डला ४३ यार्डांचा टचडाउन पास फेकला आणि वॉर्ड त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर लगेच रँडल एल वॉशिंग्टनकडे गेला. त्याची जागा भरण्यासाठी संघाने २००६ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत वर सरकून ओहायो स्टेट विद्यापीठाच्या सँटोनियो होम्सला २५ व्या क्रमांकावर निवडले. २००६ ते २०२५ या वीस ड्राफ्टमध्ये स्टीलर्सने पहिल्या फेरीत घेतलेला हा एकमेव रिसीव्हर होय.

निवडींची साखळी

होम्सने त्रेचाळिसाव्या सुपर बोलमध्ये शेवटची ३५ सेकंदे उरली असताना मैदानाच्या अगदी कोपऱ्यात, पायांची बोटे रेषेच्या आत टेकवून विजयी झेल घेतला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. चौदा महिन्यांनी, एप्रिल २०१० मध्ये संघाने त्याला पाचव्या फेरीतील एका निवडीच्या बदल्यात न्यूयॉर्क जेट्सला देऊन टाकले. त्यावेळी साखळीने त्याच्यावर चार सामन्यांची बंदी घातली होती. मैदानावरील गुणांच्या मानाने ही किंमत नगण्य होती.

पुढे जे घडले त्यामुळे हा व्यवहार अभ्यासला जातो. जेट्सकडून मिळालेली निवड स्टीलर्सने ॲरिझोना कार्डिनल्सला दिली आणि त्याबदल्यात आपलाच जुना बचावपटू ब्रायंट मॅकफॅडन व सहाव्या फेरीतील १९५ वी निवड घेतली. या निवडीवर सेंट्रल मिशिगन विद्यापीठाचा अँटोनियो ब्राऊन आला. उंची पाच फूट दहा इंच आणि चाळीस यार्ड धावण्यास साडेचार सेकंदांहून अधिक वेळ, अशी त्याची मापे कोणाच्या डोळ्यांत भरणारी नव्हती. ब्राऊनने २०१३ ते २०१८ या सलग सहा हंगामांत प्रत्येकी शंभरहून अधिक झेल घेतले. २०१५ मध्ये १३६ झेल व १,८३४ यार्ड ही त्याची सर्वोच्च कामगिरी होती. मार्च २०१९ मध्ये संघाशी संबंध बिघडल्यावर त्याला तिसऱ्या व पाचव्या फेरीतील निवडींच्या बदल्यात ओकलंड रेडर्सकडे धाडण्यात आले. त्यातील ६६ व्या निवडीवर टोलेडो विद्यापीठाचा डिओन्टे जॉन्सन निवडला गेला. पाच हंगामांनंतर, २०२४ मध्ये जॉन्सनला कॅरोलायना पँथर्सकडे देऊन बचावपटू डाँटे जॅक्सन आणण्यात आला. अशा रीतीने २००६ मधील एका निवडीची साखळी अठरा वर्षे चालली. चेझ क्लेपूल हा २०२० मध्ये दुसऱ्या फेरीत घेतलेला कॅनडात जन्मलेला रिसीव्हरही असाच नोव्हेंबर २०२२ मध्ये शिकागो बेअर्सला देण्यात आला. त्याबदल्यात मिळालेली निवड ३२ वी ठरली आणि तिच्यावर जोई पोर्टर धाकटा हा बचावपटू संघात आला. त्याचे वडील स्टीलर्सचेच माजी खेळाडू आहेत.

वेतनमर्यादा आणि कोणाला ठेवावे हा प्रश्न

१९९४ पासून एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे. त्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलरवर पोहोचली. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असून त्याची रक्कम निवडीच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेली असते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीतील गुणी रिसीव्हर म्हणूनच या काळात संघाला अतिशय स्वस्त पडतो. चार वर्षांनंतर तो बाजारभाव मागतो, आणि हा भाव इतर बहुतेक स्थानांपेक्षा वेगाने वाढला आहे. मार्च २०२५ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सच्या जमार चेझने केलेला करार वर्षाला सरासरी ४ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा होता.

या पेचाची स्टीलर्सपुरती कसोटी २०१२ मध्ये लागली. २००९ आणि २०१० या दोन ड्राफ्टमधून माइक वॉलेस, इमॅन्युएल सँडर्स आणि ब्राऊन असे तीन तरुण रिसीव्हर हाती आले होते. पहिले दोघे तिसऱ्या फेरीतले. वॉलेस सर्वांत वेगवान व तोवर सर्वांत यशस्वी होता. त्याने देऊ केलेला करार नाकारून शिबिरास येण्याचे टाळले. त्यावर जुलै २०१२ मध्ये संघाने तीच तयारी ब्राऊनकडे वळवून त्याच्याशी दीर्घ मुदतीचा करार केला. ब्राऊनच्या नावावर तेव्हा जेमतेम एक भरीव हंगाम होता, त्यामुळे अनेकांना हा निर्णय घाईचा वाटला. मार्च २०१३ मध्ये वॉलेस मायामी डॉल्फिन्सकडे पाच वर्षांच्या ६ कोटी डॉलरच्या करारावर गेला आणि पिट्सबर्गमधील आपली उंची त्याला तेथे गाठता आली नाही. त्याच्या जाण्याची भरपाई म्हणून साखळीच्या नियमाप्रमाणे स्टीलर्सला २०१४ मध्ये तिसऱ्या फेरीच्या अखेरीस एक निवड मिळाली. सँडर्सही २०१४ मध्ये डेन्व्हर ब्राँकोजकडे गेला. तो मात्र तेथे बहरला आणि पन्नासावा सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. संघाचे धोरण दर वेळी अचूक ठरले असे म्हणता येत नाही.

ज्याला ठेवले त्याच्यामुळेही तोटा होऊ शकतो. करारावर सही करताना दिलेली रक्कम वेतनमर्यादेच्या हिशेबात काही वर्षांवर विभागली जाते. खेळाडू मध्येच गेला तर उरलेला भाग एकदम संघाच्या डोक्यावर येतो. २०१९ मध्ये ब्राऊन संघात नसताना स्टीलर्सच्या मर्यादेतील २ कोटी ११ लाख डॉलरहून अधिक रक्कम त्याच्या नावे खर्ची पडली होती. त्या वेळेपर्यंत अशी एवढी मोठी रक्कम कोणत्याही संघावर पडली नव्हती.

फसलेल्या निवडी व शिक्षण

नंतरच्या फेऱ्यांतून रिसीव्हर शोधण्याची स्टीलर्सची ख्याती मोठी असली तरी त्यात अपयशही आहे. २००८ मध्ये दुसऱ्या फेरीत आलेला टेक्सास विद्यापीठाचा लिमस स्वीड हा उंच, धिप्पाड, सर्व मापांत बसणारा खेळाडू होता. एनएफएलमध्ये त्याचे केवळ सात झेल नोंदले गेले. उलट २००५ मध्ये ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला नेट वॉशिंग्टन चार हंगाम संघाच्या उपयोगी पडला. उंची आणि वेग मोजता येतात. वळण घेताना शरीराचा तोल न ढळू देणे आणि बचावपटूला शेवटपर्यंत अंदाज न देणे, हे गुण मोजण्याचे साधन अद्याप कोणाला सापडलेले नाही.

नवोदितांना घडवण्यात ज्येष्ठ सहकाऱ्यांचा वाटा असतो. २०१० मध्ये वॉलेस, सँडर्स व ब्राऊन यांच्यासोबत वॉर्ड होताच, शिवाय वॉशिंग्टनहून रँडल एल याला परत बोलावण्यात आले होते. २०१८ मध्ये रिसीव्हरांचे प्रशिक्षक म्हणून आलेले डॅरिल ड्रेक यांच्या हाताखाली जुजू स्मिथ-शुस्टरने १११ झेल व १,४२६ यार्ड नोंदवले. ऑगस्ट २०१९ मध्ये शिबिर चालू असतानाच ड्रेक यांचे आकस्मिक निधन झाले. ब्राऊन त्याच वर्षी गेला होता आणि गटातील बहुतेक खेळाडू पंचविशीच्या आतले होते. क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गरही हंगामाच्या दुसऱ्या सामन्यात जायबंदी होऊन उरलेल्या वर्षास मुकला. त्या हंगामात संघाच्या एकाही रिसीव्हरला हजार यार्डांचा टप्पा गाठता आला नाही.

२०२२ नंतर

केव्हिन कोलबर्ट यांनी २००० पासून २०२२ च्या ड्राफ्टपर्यंत खेळाडू निवडीची सूत्रे सांभाळली. त्यांच्या अखेरच्या ड्राफ्टमध्ये जॉर्जिया विद्यापीठाचा जॉर्ज पिकन्स (५२ वी निवड) दुसऱ्या फेरीत आला. एका हाताने अवघड झेल घेण्याबद्दल तो लवकरच गाजला आणि २०२३ मध्ये त्याने हजार यार्ड ओलांडले. कोलबर्ट यांच्यानंतर ओमर खान महाव्यवस्थापक झाले. डिओन्टे जॉन्सनला सोडल्यावर पिकन्सच्या जोडीला तोलामोलाचा दुसरा रिसीव्हर उरला नाही. २०२४ च्या तिसऱ्या फेरीतील रोमन विल्सन दुखापतींमुळे पहिल्या हंगामात केवळ एक सामना खेळला, आणि हंगामाच्या मध्यावर जेट्सकडून माइक विल्यम्सला आणावे लागले.

मार्च २०२५ मध्ये खान यांनी दुसऱ्या फेरीतील निवड देऊन सिॲटल सीहॉक्सचा डीके मेटकाफ घेतला आणि त्याला चार वर्षांची, १३ कोटी २० लाख डॉलरची मुदतवाढ दिली. दुसऱ्या संघात घडलेल्या रिसीव्हरला एवढी रक्कम देणे हे या संघाच्या आजवरच्या रीतीला सोडून होते. मेटकाफ स्वतः २०१९ च्या ड्राफ्टमध्ये ६४ व्या क्रमांकापर्यंत घसरला होता. चाळीस यार्ड ४.३३ सेकंदांत धावूनही वळणांच्या चाचणीत तो मंद ठरला होता. योगायोगाने जॉन्सनची ६६ वी निवड त्यानंतर अवघ्या दोनच क्रमांकांनी झाली होती. मेटकाफ आणि पिकन्स एकत्र खेळतील, ही अपेक्षा दोन महिनेही टिकली नाही. मे २०२५ मध्ये, पहिल्या कराराचे एक वर्ष शिल्लक असताना, पिकन्सला डॅलस काउबॉइजकडे देण्यात आले. या व्यवहारात स्टीलर्सला २०२६ च्या ड्राफ्टमधील तिसऱ्या आणि २०२७ च्या ड्राफ्टमधील पाचव्या फेरीतील निवड मिळाली.